रेकॉर्डचा दुसरा जन्म

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तर आपल्याला त्यात नवल वाटत नाही. गाण्याच्या रेकॉर्डचं तसं नाही. न खपलेली रेकॉर्ड एकदा दुकानातून गेली की ती सहसा परत येत नाही. २०१० साली मात्र दोन जुन्या रेकॉर्ड पुन्हा बाजारात आल्या. एक आपल्या मुंबईतली, १९८२ सालची. दुसरी अमेरिकेतली, १९८९ सालची. दोन्ही यंत्रांच्या जोरावर आणि मुख्यतः एकेकट्या माणसानं केलेल्या. त्या दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती, सूरही वेगळे होते. त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे, आणि त्यानंतर आपल्या शहापूर-मुरबाडच्या कपाटांतल्या कॅसेटबद्दल.

मी या भागात हळदी-लग्नांत कीबोर्ड वाजवतो. आमच्याकडे त्याला कीबोर्ड कुणी म्हणत नाही. कंपनी कुठलीही असो, तो 'कॅसिओ'. बेंजो, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कॅसिओ, असा आमचा संच. भजनी मंडळातली जुनी माणसं मला हमखास विचारतात, "बाबा, त्या डब्यातून राग निघतो का रे?" हा प्रश्न चेष्टेचा नाही. त्याचं एक उत्तर या मुंबईच्या रेकॉर्डमध्ये आहे.

ती रेकॉर्ड चरणजित सिंग यांची. ते हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी वाजवलं. गिटार, बेस गिटार, व्हायोलिन आणि विजेवर चालणारी नाना वाद्यं त्यांच्या हातात होती. सिनेमाच्या पडद्यावर ज्यांचं नाव येत नाही, पण ज्यांच्यावाचून गाणं उभं राहत नाही, त्या मंडळींपैकी ते एक. त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्राही होता. लग्नसमारंभांत ते वाजवत आणि पत्नी सुपर्णा गात. म्हणजे एका अर्थी ते आमच्याच धंद्यातले.

१९८०च्या सुमाराला आपल्याकडे डिस्कोचं वारं आलं. 'कुर्बानी' चित्रपट त्याच वर्षीचा. 'डिस्को डान्सर' १९८२चा. त्याच दिवसांत जपानच्या रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रं सिंग यांच्याकडे आली. एक होतं टीआर-८०८, म्हणजे ताल देणारं यंत्र. दुसरं टीबी-३०३, म्हणजे बेस गिटारचे खालचे सूर देणारी एक छोटी चंदेरी पेटी. तिसरा ज्युपिटर-८ हा मोठा सिंथेसायझर. ही यंत्रं तारेनं एकमेकांना जोडता येत. ताल देणाऱ्या यंत्राच्या ठोक्यावर बाकीची चालत, त्यामुळे एक माणूस अख्खा वाद्यवृंद चालवू शकत होता.

चित्रपटांच्या डिस्को गाण्यांच्या धून वाजवणं सोपं होतं आणि त्या खपल्याही असत्या. सिंग यांनी वेगळंच केलं. डिस्कोचा ठोका ठेवला आणि त्यावर राग वाजवले. दहा राग : भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं, म्हणजे आपल्या 'हिज मास्टर्स व्हॉइस'नं, ही रेकॉर्ड काढली. नाव होतं 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. ती चालली नाही. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्यांना त्यात राग दिसेना आणि नाचणाऱ्यांना त्यात गाणं सापडेना.

आता भजनी मंडळाचा प्रश्न. यंत्रातून राग निघतो का? ज्या माध्यमातून मी बोलतो आहे, त्यानंच या प्रश्नाचा एकदा मोठा निकाल दिला होता. १९४० साली नभोवाणीनं हार्मोनियमवर बंदी घातली. ती पुढे १९७१ साली सैल झाली. आक्षेप दोन होते. एक, पेटीचे बारा सूर पक्के बांधलेले. आणि तोडीचा कोमल गंधार तर पेटीतल्या गंधाराहून थोडा उतरलेला लागतो. दुसरा आक्षेप असा, की पेटीवर मींड निघत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी वाट गळ्याला किंवा सारंगीला सहज सापडते, ती पट्ट्यांच्या मध्ये हरवते.

सिंग यांच्या यंत्रातही बारा सूर पक्केच होते. पण त्या चंदेरी पेटीत एक सोय होती. सूर एकामागून एक भरून ठेवताना, कुठल्या सुरावरून पुढच्या सुरावर घसरत जायचं, हे तिला सांगता येई. ही सोय बेस गिटारची नक्कल व्हावी म्हणून केलेली. रागाच्या सुरांवर ती वापरली की मींडेसारखं काहीतरी होतं. खरी मींड नव्हे, पण पेटीहून जवळचं. शिवाय त्या यंत्राला एक खुंटी होती, ती फिरवली की आवाजाची धार कमी-जास्त होते. एकच सूर कधी दबका, तर कधी चरचरीत ऐकू येतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पाश्चात्त्य गाण्यात खालचे स्वरसमूह बदलत राहतात आणि गाण्याला त्यांच्यामागून जावं लागतं. आपल्या रागात तसं नाही. तानपुऱ्याचा षड्ज सुरू झाला की शेवटपर्यंत तोच. रागाची सगळी वाढ त्या न हलणाऱ्या जमिनीवर होते. यंत्राला नेमकं हेच जमतं : न थकता, न हलता, तेच ते वाजवत राहणं. माणसाला कंटाळवाणं वाटणारं काम सिंग यांनी यंत्राला दिलं आणि वरचा विस्तार आपल्या हातात ठेवला. म्हणून मी भजनी मंडळाला सांगतो, डब्यातून राग निघत नाही. डब्यापाशी बसणाऱ्याच्या मनात राग असेल, तर डबा अडवत नाही.

आता या यंत्राचीच पुढची गोष्ट ऐका. बेस गिटारवाला नसताना गिटारवादकाला एकट्यानं सराव करता यावा, म्हणून ते केलेलं. पण त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. ते खपलं नाही आणि १९८४ साली कंपनीनं बनवणं बंद केलं. उरलेली यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात गेली. शिकागोमधल्या काही तरुणांनी त्यांतलं एक घेतलं आणि ती खुंटी वेडीवाकडी फिरवत एक लांबलचक नाचाची धून केली. फ्यूचर नावाच्या त्यांच्या गटाची 'अॅसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड १९८७ साली आली. तिच्यावरून एका नव्या संगीताला 'अॅसिड हाउस' हे नाव पडलं. त्या संगीतानं पुढे युरोपातल्या तरुण पिढीला वेड लावलं. कंपनीनं मोडीत काढलेल्या यंत्राला तिप्पट-चौपट किंमत देऊन लोक शोधू लागले.

एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ साली दिल्लीच्या एका दुकानात सिंग यांची जुनी रेकॉर्ड मिळाली. त्यानं ती ऐकली आणि चक्रावला. शिकागोत पाच वर्षांनंतर जन्मलेला आवाज इथे भैरवी आणि मालकंसाच्या अंगानं वाजत होता. त्यानं मुंबईत येऊन सिंग यांना शोधून काढलं आणि २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या कंपनीतर्फे ती रेकॉर्ड पुन्हा काढली. युरोपात खळबळ उडाली. काहींना तर ही बनवाबनवीच वाटली. कुणा आजच्या कलाकारानं जुनी रेकॉर्ड म्हणून नवीच खपवली, असा संशय घेतला गेला. पण रेकॉर्ड खरी होती आणि माणूसही खरा होता. सत्तरी ओलांडलेल्या सिंग यांचे मग युरोपात कार्यक्रम झाले. तरुण मुलं त्यांच्या यमनवर नाचली. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. 'अॅसिड हाउस'चा शोध भारतीयानं लावला, असं छाती फुगवून सांगायचा मोह होतो. तो टाळावा. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती असं म्हणायला काही आधार नाही. सारखं यंत्र, खाली न हलणारी जमीन आणि नक्कल करायला नाकारणारे हात, या तीन गोष्टी दोन ठिकाणी स्वतंत्रपणे जमून आल्या. तेवढंच खरं, आणि तेवढं पुरेसं आहे. रेकॉर्डवरचा एकही सूर १९८२ नंतर बदलला नव्हता. बदलले होते ते कान.

दुसरी रेकॉर्ड 'प्रिटी हेट मशीन'. करणारा ट्रेंट रेझनर, त्याच्या बँडचं नाव नाइन इंच नेल्स. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात तो एका स्टुडिओत पडेल ते काम करायचा, झाडलोटसुद्धा. रात्री स्टुडिओ रिकामा असला की मालकाच्या परवानगीनं आपली गाणी तिथे मुद्रित करायचा. संगणक, सिंथेसायझर, तालाचं यंत्र, बहुतेक सगळं त्यानं एकट्यानं वाजवलं. अशा संगीताला 'इंडस्ट्रियल रॉक' म्हणतात. इंडस्ट्रियल हा शब्द संगीतात आला तो लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या गटामुळे. १९७६ साली त्यांनी काढलेल्या कंपनीचं नावच 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' होतं. कारखान्यातला खणखणाट, घरघर, एकसुरी ठोका हेच संगीताचं सामान. मुरबाडच्या एमआयडीसीत प्रेसवर पाळी करणाऱ्याला हे फार समजावून सांगायला नको. मशीनचा ठोका आठ तास कानात बसला की घरी आल्यावरही तो थांबत नाही. त्या ठोक्याशी झगडणाऱ्या माणसाचा आवाज म्हणजे ही गाणी.

ही रेकॉर्ड मुंबईच्या रेकॉर्डसारखी पडली नाही. ती हळूहळू पण भरपूर खपली. तिचं दुखणं वेगळं होतं. रेझनर आणि त्याच्या कंपनीचं बिनसलं, तो दुसरीकडे गेला, रेकॉर्डचे हक्क मात्र मागेच राहिले. नंतर ते हक्क या हातातून त्या हातात फिरत राहिले. ऐकणारे होते, मागणी होती, तरी मधली काही वर्षं ती दुकानात मिळेना. २००५ साली ती पुन्हा निघाली. नंतर हक्क आणखी एका कंपनीकडे गेले आणि २०१० साली रेझनरच्या देखरेखीखाली, आवाज नव्यानं साफ करून, नव्या वेष्टनात ती आली.

म्हणजे पाहा, एक रेकॉर्ड ऐकणारे नव्हते म्हणून अडकली, दुसरी कागदांत अडकली. दोन्ही सुटल्या त्या तीन गोष्टींमुळे. पहिली, मूळ प्रत कुठेतरी शाबूत होती. दुसरी, कुणी वाजवलं त्याचं नाव तिच्यावर छापलेलं होतं. बाउमनला मुंबईत चरणजित सिंग शोधता आले, कारण वेष्टनावर चरणजित सिंग असं लिहिलं होतं. तिसरी, हक्क कुणाचा हे ठरवता येत होतं. प्रत, नाव आणि हक्क. यांतलं एक जरी नसेल तर रेकॉर्डला दुसरा जन्म मिळणं कठीण.

आता आपल्या घरात डोकावू. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि गाणं भरून घेणं गावोगाव पोहोचलं. वेसावकर आणि मंडळींच्या कोळीगीतांच्या कॅसेट आपल्या हळदींत वाजल्या. पण त्या छापील, बाजारातल्या. त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक कॅसेट आपण स्वतः भरल्या. किन्हवली, डोळखांब, धसई, टोकावडे, सरळगाव, कुठल्याही गावात जुनं कपाट उघडा. साठ किंवा नव्वद मिनिटांची एखादी कॅसेट निघतेच. कुणाच्या लग्नातले धवळे, कुणाच्या अंगणातलं भारूड, ठाकरांचा कांबड नाच, वारल्यांचा तारपा, सप्ताहातलं कीर्तन. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला आणि तारपा म्हटलं की लोक तिकडेच पाहू लागले. पण आपल्या दोन तालुक्यांतही तो वाजत आला आहे.

अशीच एक कॅसेट चार-पाच वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. वर बॉलपेननं फक्त 'हळद' असं लिहिलेलं. एका धवळारणीचे धवळे होते. मागे बायकांचा आवाज, भांड्यांचा आवाज, मधेच एक मूल रडतं. म्हातारीचा गळा थकलेला, पण प्रत्येक कडव्याच्या शेवटी ती सूर असा खाली सोडते की अंगावर काटा येतो. साधारण वीस मिनिटं असं चालतं आणि मग एकदम सिनेमाचं गाणं सुरू होतं. कुणीतरी त्याच कॅसेटवर वरून भरलं होतं. उरलेले धवळे गेले ते गेलेच.

ती वीस मिनिटं मी संगणकावर उतरवून घेतली आणि दोघा-तिघांना ऐकायला दिली. महिन्याभरात एका हळदीत तेच धवळे माझ्या कानावर आले. खाली दणदणीत ठोका, वर म्हातारीचा आवाज तुकडे करून फिरवलेला, आणि गाण्याच्या सुरुवातीला डीजेचं नाव तीन वेळा. पोरं बेभान नाचत होती.

आमच्यातल्या जाणत्यांना राग आला. संस्कृती बुडाली, यंत्रानं घात केला, असं बोलणं झालं. मला तसं वाटलं नाही. खाली ठोका आणि वर जुना सूर, हे तर चरणजित सिंगांनीही केलं होतं. ठोका चांगला बसला होता, आणि पोरं नाचली याचा अर्थ म्हातारीच्या आवाजात अजून जोर आहे. मला खुपलं ते वेगळंच. डीजेचं नाव तीन वेळा होतं, तिचं एकदाही नव्हतं. आणि ते घालणार तरी कुठून? कॅसेटवरच नव्हतं.

मग मी ते शोधायला लागलो. कॅसेट ज्या घरातली होती त्यांना लग्न कुणाचं ते आठवत होतं. नवरीच्या माहेरी विचारलं, तिथून शेजारच्या गावी, तिथून तिच्या लेकीच्या सासरी. तिसऱ्या गावात तिची नात भेटली. आजीला जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात फोटोही नव्हता. मी मोबाइलवर ते धवळे लावले. त्या बाईनं हातातलं काम खाली ठेवलं आणि पूर्ण वीस मिनिटं ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाली, "दादा, हिचं नाव लिहा त्याच्यावर." त्या डीजेलाही मी ते नाव कळवलं. त्यानं कुरकूर न करता गाण्याला जोडलं. आता सुरुवातीला आधी आजीचं नाव येतं आणि मग त्याचं.

कायद्यानं पाहिलं तर आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षं राहतो आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क पन्नास वर्षं. २०१२च्या दुरुस्तीनं व्यावसायिक वापरातल्या मानधनावरही कलावंताचा हक्क मान्य केला. धवळे परंपरेचे, कुणा एकाचे नव्हेत. पण त्या दिवशी त्या अंगणात ज्या गळ्यातून ते आले, तो गळा कुणा एकीचा होता. नाव नसेल तर हा हक्क मागणार कुणासाठी?

भातसा, तानसा, वैतरणा यांचं पाणी आपल्या शहापुरातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. गाण्यांचं असं होऊ नये. ती बाहेर जरूर जावीत, पण उगम कुठला हे त्यांच्याबरोबर जावं.

म्हणून थोडं कामाचं सांगतो. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकच्या दोन बारीक चकत्या असतात. आधी त्या मोडा. मग तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाणार नाही. आपल्याकडच्या पावसात फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी दिसली तर कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका, आधी जाणकाराला दाखवा. चांगली असेल तर प्लेअरचं हेड पुसून, एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून मगच वाजवा. संगणकावर उतरवताना आवाज दाबून लहान केलेली फाइलच फक्त ठेवू नका, पूर्ण आकाराचीही ठेवा, आणि दोन प्रती दोन वेगळ्या घरांत असू द्या.

आणि या सगळ्याच्या आधी, कॅसेट हातात घेऊन घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. कोण गातंय, कुठलं गाव, कुणाचं लग्न, हे विचारा आणि कागदावर लिहून त्याच डबीत घाला. प्रत पुढेमागे कुणीतरी शोधून काढील. नाव सांगणारं माणूस मात्र आज आहे, ते उद्या असेलच असं नाही. पावसाळ्याला अजून थोडा अवकाश आहे. तेवढ्यात ती कपाटं उघडा.